दोन चमचे खिचडी

२०२५च्या जानेवारीतली गोष्ट. संक्रांतीचा दिवस होता आणि रात्री घरामागच्या शेतात गल्लीतल्या मुलांनी पोपटी लावली होती. आपल्या कर्जत-खालापूरच्या माणसाला पोपटी म्हणजे काय हे सांगायला नको. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, ओवा, जाडं मीठ, मसाला लावलेली कोंबडी, चार अंडी; मग मडकं उपडं करून भोवती पेंढ्याचा जाळ. थोड्या वेळाने जो वास सुटतो तो भिंतीला जुमानत नाही. बंद खिडकीतून तो आत आला तेव्हा आम्ही पलंगावर बसून औषधाच्या बाटलीच्या टोपणाने डाळीचं पाणी पीत होतो. वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेला आठ दिवस झाले होते. आणि आम्हाला भूक लागली होती.

आम्ही म्हणजे एकटेच. उर्दू शाळेत शिकवतो, स्वतःला ‘हम’ म्हणायची जिभेला सवय. मराठी लिहायला बसलो तरी ती सुटत नाही. वाचकांनी त्यात मोठेपणा शोधू नये. मोठेपणा होता तो फक्त वजनात.

पाच फूट दोन इंच उंची आणि ११२ किलो वजन. वयाच्या एकतिसाव्या वर्षी साखरेचा आजार निघाला, बत्तिसाव्या वर्षी रक्तदाब. आमच्या घराण्यात ही दोन्ही दुखणी दागिन्यांसारखी आईकडून मुलीकडे येतात. अम्मीची आधी डाव्या पायाची दोन बोटं गेली, मग गुडघ्याखालचा पाय गेला, आणि तीन वर्षांनी अम्मी गेली. शेवटच्या दिवसांत ती नसलेल्या पायाची बोटं खाजवायला सांगायची. आम्ही चादरीवरून हात फिरवायचो आणि ती म्हणायची, “हां, तिथंच.” हे ज्याने पाहिलं आहे त्याला ऑपरेशनची भीती वाटते, पण ऑपरेशन न करण्याचीही वाटते.

त्याआधी सगळं करून झालं होतं. पहाटे चालणं, कोमट पाण्यात लिंबू, एका नातेवाइकांनी आणून दिलेला काढा, भात बंद, भाकरी बंद. एकदा नऊ किलो उतरलो आणि वर्षभरात बारा किलो चढलो. ‘तोंडावर ताबा ठेव’ हा सल्ला तर इतक्या जणांनी दिला की तो लिहून दारावर लावावा असं वाटे.

ऑपरेशनचं नाव काढल्यावर घरात पहिली हरकत खालाने घेतली. “अल्लाहने दिलेलं चांगलं पोट कापून फेकायचं? आणि ती इजिप्तची बाई वारली ना?” खालाला आठवत होत्या त्या इमान अहमद. २०१७च्या फेब्रुवारीत त्यांना विमानाने मुंबईच्या सैफी रुग्णालयात आणलं होतं. वजन पाचशे किलोच्या आसपास असल्याचं वर्तमानपत्रांत येत होतं. मार्चमध्ये शस्त्रक्रिया झाली, मे महिन्यात त्यांना अबुधाबीला हलवलं आणि सप्टेंबरमध्ये तिथेच त्यांचा इंतकाल झाला. आपल्याकडे घरोघरी या शस्त्रक्रियेची चर्चा त्या वर्षी पोहोचली, ती अशी अर्धी. त्या बाईंना इतर किती गंभीर व्याधी होत्या आणि त्या किती वर्षं अंथरुणाला खिळून होत्या, ते कोणाच्या लक्षात राहिलं नाही. आम्ही खालाला एवढंच म्हटलं, “अम्मीचा पायसुद्धा अल्लाहनेच दिला होता.” खाला गप्प बसली. मग म्हणाली, “लोकांना सांगू नकोस मात्र.”

आम्ही सांगितलं नाही. शिक्षकांच्या पतपेढीतून कर्ज काढलं, वैद्यकीय रजेचा अर्ज दिला आणि शाळेत सांगितलं की पित्ताशयात खडे झाले आहेत. रोज मुलांना खरं बोलण्याचे धडे द्यायचे आणि आपण पित्ताशयावर खोटं रचायचं. पण ‘कमी खायला जमलं नाही म्हणून पोट कापलं’ हे वाक्य कोणाच्या तरी तोंडून ऐकण्यापेक्षा खडे बरे वाटले.

६ जानेवारीला नवी मुंबईतल्या एका रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. तिचं नाव स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी. पोटावर चारपाच लहान छिद्रं पाडून दुर्बिणीने करतात. जठराची जी फुगीर पिशवी असते तिचा जवळजवळ तीन चतुर्थांश ते ऐंशी टक्के भाग उभा कापून काढतात आणि एखाद्या केळ्यासारखी अरुंद नळी मागे ठेवतात. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं होतं की जो भाग जातो त्यातूनच घ्रेलिन नावाचं संप्रेरक सगळ्यात जास्त पाझरतं. रिकामं पोट मेंदूला ‘भूक लागली’ असा निरोप पाठवतं, तो निरोप नेणारा हा हरकाऱ्या. १९९९मध्ये जपानच्या कोजिमा आणि कांगावा या शास्त्रज्ञांनी तो शोधला. पिशवीबरोबर हरकाऱ्याही बराचसा जातो, म्हणून बहुतेकांची भूक सुरुवातीला मंदावते, असं डॉक्टर म्हणाले. ‘बहुतेकांची’ हा शब्द आमच्या कानावरून गेला. आम्ही ऐकलं ते एवढंच, की भूक जाणार.

आणि आठव्या रात्री पोपटीचा वास आला.

पहिले दोन आठवडे फक्त पातळ. डाळीचं निवळ पाणी, गाळलेलं ताक, शहाळं, चरबी काढून दोनदा गाळलेली यखनी, आणि पाण्यात ढवळलेली प्रथिनांची पावडर. दिवसाला निदान साठ ग्रॅम प्रथिनं आणि दीड लिटर पाणी पोटात गेलं पाहिजे, तेही एका वेळी तीस मिली. हिशेब केला तर दिवसातून पन्नास वेळा टोपण तोंडाला लावायचं. घटाघटा प्यायचं नाही. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात घोटलेलं, पाचव्या-सहाव्यात मऊ, आणि मग हळूहळू सगळ्यांसारखं. आहारतज्ज्ञ बाईंनी दिलेला तक्ता आम्ही शाळेच्या वेळापत्रकासारखा भिंतीवर लावला. त्यात सगळ्या तासांना विषय होते, फक्त भुकेच्या तासाला नव्हता.

वाटायचं, आपण आयुष्यभर रोजे धरले, आपल्याला भूक काय नवी? पण दोन दिवसांतच समजलं की ही भूक रोजाची नव्हे. रोजात सगळं घर आपल्याबरोबर उपाशी असतं. नियत असते, सवाबाची आशा असते, आणि कितीही लांबला तरी दिवस मगरिबला संपतो. ही भूक एकट्याची होती. घर जेवत होतं, भांडी वाजत होती, आणि ती सोडायला कुठली अजान होणार नव्हती. ऑपरेशनमुळे सजद्यात वाकता येत नव्हतं, खुर्चीवर बसून नमाज चालली होती. दुआ मागताना मनात येई, या अल्लाह, पैसे खर्चून आपण ही काय बला घेतली?

अकराव्या रात्री आम्ही चोरी केली. सगळे झोपल्यावर स्वयंपाकघरात गेलो. टोपलीत तांदळाची भाकरी होती, पातेल्याच्या तळाशी मटणाचा रस्सा. चतकोर भाकरी रश्श्यात बुडवली आणि उभ्या उभ्याच तोंडात टाकली. दुसरा घास. तिसरा घास घशाखाली गेला आणि छातीच्या मध्यभागी कोणी दगड ठेवल्यासारखं झालं. श्वास घेता येईना, तोंडात लाळ भरून आली, आणि मोरीत बसून जे उलटलं ते उलटताना पोटातले टाके ताणल्याची जाणीव झाली. आवाजाने मुलांचे अब्बा उठून आले.

“काय खाल्लंस?”

“भाकरी.”

“किती?”

आम्ही तीन बोटं दाखवली. ते रागावतील असं वाटलं होतं. ते काही बोलले नाहीत, पाण्याचा तांब्या घेऊन खाली फरशीवर बसले. आम्ही रडलो ते दुखत होतं म्हणून नव्हे. आठ वर्षांची मुलगी दारात उभी होती आणि तिने आपल्या आईला चोरून खाताना पकडलं होतं.

रात्रीच डॉक्टरांना फोन केला. पोटाची कापलेली कड पहिल्या आठवड्यांत कच्ची असते. ती कुठे फाटून गळती झाली तर जीवावर बेतू शकतं. ताप, छातीची वाढती धडधड, वाढणारी पोटदुखी, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट न पाहता निघा, असं त्यांनी बजावलं. रात्रभर मुलांचे अब्बा आमची नाडी मोजत बसले. फजरपर्यंत सगळं ठीक होतं. अल्लाहची मेहेरबानी.

दुसऱ्या दिवशी आहारतज्ज्ञ बाईंनी न रागावता विचारलं, “मॅडम, भूक कुठे लागली होती? पोटात, छातीत की डोक्यात?” प्रश्न वेडगळ वाटला. पण त्यांचं म्हणणं शिक्षकाला पटण्यासारखं होतं. पातळ पदार्थ या नळीत थांबत नाही, चटकन पुढे सरकतो, त्यामुळे पोट भरल्याची खूण टिकत नाही. ती एक भूक. ऑपरेशननंतर आम्ल वाढून जी जळजळ होते ती भुकेसारखीच कुरतडते. त्यासाठी दिलेली गोळी उपाशीपोटी घ्यायची, ती आम्ही दोन दिवस विसरलो होतो. पाणी कमी पडलं तरी शरीर भूक म्हणूनच ओरडतं. आणि चौथी भूक सवयीची. “ती कापून काढता येत नाही,” बाई म्हणाल्या.

आम्ही एक वही केली. दोन रकाने: भूक लागली ती वेळ, आणि त्या वेळी घरात काय चाललं होतं. आठवडाभरात वहीने आम्हाला शिकवलं ते बी.एड.च्या मानसशास्त्राच्या पेपरनेही शिकवलं नव्हतं. आमची भूक शाळेच्या घंटेवर चालत होती. एक मधल्या सुट्टीची. एक संध्याकाळची, कर्जत स्टेशनवर खोपोली लोकलची वाट पाहताना जो गरम वडा घेत असू त्या वेळेची. आणि सगळ्यात मोठी रात्री साडेनऊची. साडेनऊला घरात काही शिजत नसतं. साडेनऊला सगळ्यांची जेवणं होऊन आम्ही भांडी आवरत असतो.

तिथे वही थांबवून बसून राहिलो. अम्मी अशीच जेवायची, सगळ्यात शेवटी, दस्तरखान उचलल्यावर. मुलांच्या ताटातला भात, पातेल्याला चिकटलेला मसाला, उद्या खराब होईल म्हणून शेवटची भाकरी. अन्न टाकलं तर बरकत जाते, असं ती म्हणायची, आणि बरकत सांभाळायची जागा म्हणून तिने स्वतःचं पोट वापरलं. आम्हीही तेच केलं. घरातल्या बाईचं जेवण म्हणजे उरलेल्याचा निकाल. ती किती खाते हे कोणी मोजत नाही, तीही नाही. मग एक दिवस तिचं वजन मात्र सगळे मोजतात.

म्हणून भुकेवरचा आमचा पहिला उपाय औषधाचा नव्हता. साडेनऊची भांडी मुलांच्या अब्बांनी घेतली. पहिल्या दिवशी खालाने नाक मुरडलं, चौथ्या दिवशी सवय झाली. त्या वेळात आम्ही अंगणात दहा-पंधरा मिनिटं चालायचो, हातात तसबीह. बाकीचे उपाय साधे होते. भूक लागली की आधी दोन टोपणं पाणी, मग दहा मिनिटं थांबायचं. निम्म्या वेळा ती तहानच निघे. कोमट, किंचित मिठाची यखनी थंड पावडरीपेक्षा जास्त वेळ धीर देई. दात घासले की तोंड शांत होई. प्रथिनांचा वाटा भुकेची वाट न पाहता घड्याळावर घ्यायचा. आणि जीवनसत्त्वांच्या कॅप्सूलचं वेष्टण बहुधा जिलेटिनचं असतं, त्याचा मनाला त्रास होता. विचारलं तर डॉक्टरांनी सरळ चघळण्याच्या गोळ्या लिहून दिल्या. विचारायला इतके दिवस लाजलो याचंच नवल वाटलं.

तिसऱ्या आठवड्यात घोटलेली डाळ, मऊ अंडं, कुस्करलेला मासा सुरू झाला आणि एक चमत्कार घडला. चार चमच्यांत पोट भरलं. खरंच भरलं. इतक्या वर्षांत ‘पुरे’ हा शब्द आतून ऐकू आला नव्हता, तो ऐकू आला. डॉक्टरांचा हरकाऱ्या खरोखरच गेला होता. गेले पंधरा दिवस आम्ही ज्याच्याशी भांडत होतो तो त्याचा जुना आवाज होता.

१० फेब्रुवारीला, सोमवारी, शाळेत रुजू झालो. खिचडी वाटण्याआधी शिक्षकाने चाखून चव नोंदवहीत शेरा लिहायचा असतो. त्या दिवशी पाळी आमची होती. आमच्या शाळेतल्या स्वयंपाकीण मावशी जवळच्या वाडीवरच्या. त्यांनी नेहमीप्रमाणे भरलेली वाटी पुढे केली. आम्ही दोन चमचे खाल्ले आणि वाटी खाली ठेवली.

“आपा, मीठ जास्त झालं का?”

“नाही मावशी, भरलं पोट.”

मावशी आमच्याकडे बघत राहिल्या. एरवी आम्ही वाटी पुसून घ्यायचो. तेवढ्यात रांग आली आणि रांगेत पहिली ती उभी होती. चौथीतली मुलगी, नाव लिहीत नाही. वडील टेंपोवर, घरी कधी असतात कधी नसतात. दर सोमवारी ती तीन वेळा खिचडी घेते. ऑपरेशनच्या दोन महिने आधी तिसऱ्यांदा ताट पुढे केल्यावर आम्ही सगळ्या वर्गादेखत म्हटलं होतं, “किती खाशील गं? फुटशील.” मुलं हसली होती. तीही हसली होती. एकशे बारा किलोच्या बाईने वीस किलोच्या पोरीला हे म्हटलं होतं.

त्या दिवशी तिने दोनदाच घेतली. मग तिसऱ्यांदा उठली, आमच्याकडे पाहिलं आणि बसली.

आम्हाला एकदम आमची वही आठवली. भूक लागली ती वेळ, आणि त्या वेळी घरात काय चाललं होतं. ही मुलगी मंगळवारी तीन वेळा खात नाही, गुरुवारीही नाही. सोमवारीच खाते, कारण सोमवारच्या आधी रविवार असतो आणि रविवारी शाळा नसते. इतक्या वर्षांच्या नोकरीत आम्ही हे मोजलं नव्हतं. सरकारी प्रमाणानुसार पहिली ते पाचवीच्या मुलाला दुपारी शंभर ग्रॅम धान्य, ४५० कॅलरी आणि बारा ग्रॅम प्रथिनं मिळतात. आमच्या डब्यातल्या पावडरीचा दिवसाचा वाटा साठ ग्रॅमचा होता. एक भूक हटवायला पतपेढीचं कर्ज काढलं होतं, आणि दुसरी ताट घेऊन समोर बसली होती, आमच्या एका वाक्याला घाबरून.

आम्ही डाव घेतला आणि तिच्या ताटात वाढलं. काही बोललो नाही. माफी मागायची होती, पण नऊ वर्षांच्या मुलीकडे शिक्षकाने माफी कशी मागावी हे कुठल्या अभ्यासक्रमात नाही.

मुलं गेल्यावर मावशींसोबत पातेलं उतरवायला गेलो. जड उचलायचं नाही असं सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, “खडे काढले ना आपा, मग अजून जपायचं?”

“खडे नव्हते मावशी. पोट लहान करून घेतलं.”

खरं असं पहिल्यांदा बाहेर पडलं, मुख्याध्यापकांपुढे नाही, मैत्रिणींपुढे नाही, तर खरकट्या पातेल्यापुढे. मावशींनी क्षणभर विचार केला. त्यांच्या वाडीवरची निम्मी माणसं पाऊस संपला की वीटभट्टीवर जातात. त्यांनी विचारलं, “पोट कापून भूक जाते का हो?”

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. आम्ही म्हटलं, “थोडी जाते. बाकीची ओळखायला शिकावं लागतं.”

चारच दिवसांनी शब-ए-बरात आली. हलव्याचा एक चमचा जिभेवर ठेवला आणि बस केलं. २ मार्चला रमजान लागला. इतक्या लवकर रोजे धरायचे नाहीत अशी डॉक्टरांची सक्त ताकीद होती. दिवसभर पाणी न पिता राहणं या पोटाला झेपणारं नव्हतं. आजारी माणसाने रोजे पुढे पुरे करावेत ही सवलत कुराणातच आहे, तरी बिनरोजाच्या बाईने इफ्तारीचं ताट लावावं आणि नजरा चुकवाव्यात हे सोपं नव्हतं. शेवटी एका संध्याकाळी शेजारणींनी विचारलं आणि आम्ही सगळं सांगून टाकलं. दोघींनी तोंडाला पदर लावला. तिसरी मात्र दुसऱ्या दिवशी एकटीच आली आणि आपल्या साखरेचा रिपोर्ट पुढे ठेवून म्हणाली, “आपा, मला डॉक्टरकडे घेऊन चला.”

हे सगळं मोठं यश म्हणून लिहिलेलं नाही. चौथ्या महिन्यात मूठमूठ केस गळले. बी-१२, लोह, कॅल्शियम या गोळ्या आता मरेपर्यंत आहेत, आणि तपासण्याही. वर्षभरात वजन ८१ किलोवर आलं, साखरेच्या गोळ्या डॉक्टरांनी कमी करत आणल्या. राहिलेले रोजे थंडीच्या लहान दिवसांत, त्यांना विचारून, एक दिवसाआड पुरे केले. कधी कधी अजूनही साडेनऊला हात पातेल्याकडे जातो. ज्यांना अशी शस्त्रक्रिया करायची आहे त्यांनी आमच्यावरून नव्हे, आपापल्या डॉक्टरांवरून ठरवावं. एवढं मात्र आमच्याकडून घ्या: पहिल्या आठवड्यांत भूक लागली तर घाबरू नका, आणि चोरून खाऊ नका. घरच्यांना सांगा.

ती मुलगी पाचवीत गेली. आता सोमवारची खिचडी आम्हीच वाढतो. मावशींशी बोलून त्या दिवशी पातेलं जरा भरून चढवतो. चव नोंदवहीत रोजच्यासारखाच शेरा असतो: ‘चव चांगली. मीठ बरोबर.’ वाटी मात्र मावशी आता अर्धीच भरतात. आम्ही दोन चमचे खातो आणि तिसऱ्यांदा कोण उठतं आहे ते पाहतो.